कॅव्हापू घ्यायचाय? आधी त्याच्या आईला भेटा!

स्पॅनियलच्या संकरातून जन्मलेली छोटी, लोभस कुत्री सध्या ‘निरोगी’ म्हणून खपवली जातात. या दाव्यात तथ्य किती आणि दुकानदारी किती?

कॅव्हापू, कॅव्हॅचॉन, कॉकापू... नावं ऐकून एखाद्या नव्या आइस्क्रीमचे प्रकार वाटावेत! पण ही आहेत कुत्र्यांची नावं. कॅव्हेलियर किंग चार्ल्स स्पॅनियल आणि पूडल यांच्या पोटी जन्मलेलं पिल्लू म्हणजे कॅव्हापू. ऑस्ट्रेलियात त्यालाच कॅव्हूडल म्हणतात. पूडलच्या जागी बिशॉन फ्रीझ असेल तर कॅव्हॅचॉन आणि कॅव्हेलियरऐवजी कॉकर स्पॅनियल असेल तर कॉकापू. लंडन किंवा सिडनीला स्थायिक झालेल्या लेकीशी व्हिडिओ कॉलवर बोलताना नातवाच्या मांडीवर कुरळ्या केसांचं, बटणासारख्या डोळ्यांचं एखादं पिल्लू दिसलं, तर ते यांच्यापैकीच एक असण्याची बरीच शक्यता. आता आपल्याकडच्या मोठ्या शहरांतही पूडल आणि कॅव्हेलियर दिसू लागलेत. तेव्हा त्यांच्या संकराची चौकशी ओघानं आलीच.

हे कुत्रं आवडावं यात नवल नाही. कॅव्हेलियर म्हणजे माणसाच्या मांडीसाठीच जन्माला आलेला जीव. पाहुण्यावर भुंकण्यापेक्षा त्याचे हात चाटण्यात त्याला जास्त रस. पूडल तितकाच हुशार, शिकवलेलं चटकन उचलणारा. दोघांचं मिळून होणारं पाच ते दहा किलो वजनाचं कुत्रं फ्लॅटमध्ये सहज मावतं, आजी-आजोबांना ओढत नेत नाही आणि बहुधा मुलांशी छान जमवून घेतं.

इथवर सगळं ठीक. प्रश्न पुढचा आहे. विकणारा हमखास सांगतो, ‘दोन जातींचा संकर आहे साहेब, त्यामुळे आजारपण नाही. शुद्ध जातीची कुत्री नाजूक, ही मात्र दणकट.’ ऐकणाऱ्याला ते पटतंही. पण आठ वर्षांच्या मुलासाठी आणलेलं पिल्लू तो मुलगा कॉलेजात जाईपर्यंत घरात असायला हवं. ते पाच-सहा वर्षांतच हृदयविकारानं धापा टाकू लागलं, तर त्या घरावर काय ओढवेल? म्हणूनच हा दावा नीट तपासून घ्यायला हवा.

राजाचा लाडका, पण...

त्यासाठी आधी कॅव्हेलियरची कुळकथा ऐकायला हवी. इंग्लंडच्या गादीवर १६६० ते १६८५ या काळात बसलेला दुसरा चार्ल्स छोट्या स्पॅनियल कुत्र्यांवर लुब्ध होता. इतका की, मंत्रिमंडळाच्या बैठकीतही राजा कामाकडे लक्ष न देता कुत्र्याशी खेळत बसतो, अशी नोंद सॅम्युअल पेपिस यांनी आपल्या रोजनिशीत करून ठेवली आहे. या जातीला ‘किंग चार्ल्स’ हे नाव मिळालं ते या राजावरून.

पुढे एकोणिसाव्या शतकात चपट्या नाकाच्या कुत्र्यांची फॅशन आली आणि लांब नाकाचा जुना स्पॅनियल दिसेनासा झाला. जुन्या चित्रांतलं ते कुत्रं रॉसवेल एल्ड्रिज या अमेरिकन गृहस्थाला हवं होतं. इंग्लंडमध्ये शोधूनही ते मिळेना, तेव्हा १९२६ मध्ये लंडनच्या ‘क्रफ्ट्स’ या प्रसिद्ध श्वानप्रदर्शनात त्यानं जुन्या वळणाच्या स्पॅनियलसाठी २५ पौंडांचं बक्षीस लावलं. मग काही हौशी मंडळी कामाला लागली. १९२८ मध्ये त्यांचा क्लब स्थापन झाला. ‘ॲन्स सन’ नावाचा कुत्रा नमुना म्हणून समोर ठेवून जातीचं वर्णन लिहिलं गेलं आणि १९४५ मध्ये ब्रिटनच्या केनेल क्लबनं ‘कॅव्हेलियर’ या स्वतंत्र जातीला मान्यता दिली.

गोम आहे ती इथेच. मोजक्या कुत्र्यांपासून जात उभी राहिली की, पुढच्या प्रत्येक पिढीत नात्यातल्या नात्यातच सोयरीक होत राहते. रूप टिकतं, पण त्याबरोबर दोषही टिकतात. कॅव्हेलियरच्या वाट्याला असे दोन मोठे दोष आले.

पहिला हृदयाचा. हृदयाच्या डाव्या बाजूच्या दोन कप्प्यांमधली ‘मायट्रल’ झडप हळूहळू जाड आणि वेडीवाकडी होते. मग ती नीट मिटत नाही आणि रक्त मागे गळू लागतं. स्टेथोस्कोप लावला की डॉक्टरांना ‘मर्मर’ ऐकू येते. म्हाताऱ्या छोट्या कुत्र्यांत हा विकार एरवीही आढळतो. पण कॅव्हेलियरमध्ये तो फार लवकर गाठतो. पाच-सहा वर्षांच्या वयात जवळपास निम्म्या कॅव्हेलियरमध्ये ही मर्मर सापडते आणि दहाव्या वर्षापर्यंत बहुतेक सगळ्यांत.

दुसरा दोष कवटीचा. कवटीची मागची बाजू मेंदूच्या मानानं अपुरी असते. मेंदूचा भाग तिथे दाटीवाटीनं बसतो, मेंदू आणि मज्जारज्जूभोवती फिरणाऱ्या द्रवाची वाट अडते आणि मज्जारज्जूत द्रवानं भरलेल्या पोकळ्या तयार होतात. अशा कुत्र्याला मानेपाशी हात लावलेला सहन होत नाही. उचललं की ते किंचाळतं. चालता चालता थांबून मान खाजवल्यासारखं करतं, पण पाय अंगाला न टेकता हवेतच हलत राहतो. घरच्यांना ती गंमत वाटते. प्रत्यक्षात ती वेदना असते.

कुत्र्याची जात न्यायालयात

ही दुखणी सामान्य माणसापर्यंत पोचवली ती दूरदर्शन माध्यमानं. २००८ मध्ये बीबीसीनं शुद्ध जातीच्या कुत्र्यांच्या आजारांवर एक माहितीपट दाखवला. वेदनेनं तळमळणारा कॅव्हेलियर त्यात लाखो लोकांनी पाहिला. गदारोळ उठला आणि २००९ पासून बीबीसीनं ‘क्रफ्ट्स’चं प्रक्षेपणच थांबवलं.

नॉर्वेत तर प्रकरण न्यायालयात गेलं. तिथल्या प्राणीरक्षक संस्थेनं केनेल क्लब, जातीचे क्लब आणि काही ब्रीडर यांच्यावर दावा लावला. जानेवारी २०२२ मध्ये ऑस्लोच्या जिल्हा न्यायालयानं कॅव्हेलियर आणि इंग्लिश बुलडॉग यांची पैदास पशुकल्याण कायद्याचा भंग करणारी ठरवली. अपिलात बुलडॉग सुटला, कॅव्हेलियर सुटला नाही. ऑक्टोबर २०२३ मध्ये नॉर्वेच्या सर्वोच्च न्यायालयानंही कॅव्हेलियरविरुद्धचा निकाल कायम ठेवला. मात्र एक वाट मोकळी राहिली. शास्त्रशुद्ध पद्धतीनं, गंभीरपणे दुसऱ्या जातीशी संकर करून दोष कमी करण्याचा प्रयत्न केला, तर त्याला मनाई नाही.

म्हणजे संकर हा उपाय असू शकतो, हे न्यायालयासमोरही आलं. पण त्यातला ‘शास्त्रशुद्ध’ हा शब्द महत्त्वाचा. नेमका तोच विक्रेत्याच्या जाहिरातीतून गळून पडतो.

हायब्रीड ज्वारीचा धडा

संकर म्हणजे काय, हे महाराष्ट्रातल्या शेतकऱ्याला वेगळं सांगायला नको. १९६४ मध्ये सी. एस. एच.-१ ही संकरित ज्वारी आली आणि ‘हायब्रीड’ हा शब्द घरोघरी पोचला. दोन वेगळ्या वाणांचा पहिला संकर जोमदार निघतो, हे खरं. एका बाजूकडून आलेला दबलेला दोष दुसऱ्या बाजूकडच्या चांगल्या गुणानं झाकला जातो. कॅव्हेलियर आणि पूडल यांच्या पहिल्या संकरालाही हा फायदा मिळू शकतो.

पण त्याच शेतकऱ्याला आणखी एक गोष्ट ठाऊक असते. हायब्रीडचं घरचं बी पुढच्या वर्षी पेरलं तर पीक एकसारखं येत नाही. एक ताट उंच, एक बुटकं. कुत्र्यांचंही तसंच. कॅव्हापूला कॅव्हापू लावला, तर एकाच वेतातलं एक पिल्लू आजोळच्या वळणावर जातं, दुसरं पूडलसारखं कुरळं होतं आणि तिसरं मधलंच काही. स्वभाव, केस, आकार आणि आजार, सगळ्याचीच अशी वाटणी होते.

दुसरी अडचण याहून मोठी. झाकला जातो तो दोष एकाच बाजूकडे असेल तर. दोन्हीकडे तोच दोष असेल, तर संकर काय करणार? डोळ्यांचा एक विकार आहे, पी. आर. ए. नावाचा. त्यात डोळ्याचा पडदा हळूहळू निकामी होतो आणि कुत्रं आंधळं होतं. त्याचा एकच प्रकार कॉकर स्पॅनियलमध्येही आढळतो आणि लहान पूडलमध्येही. आई आणि बाप दोघंही दिसायला ठणठणीत, पण दोघांच्याही अंगी तो दोष दडलेला असला, तर प्रत्येक कॉकापू पिल्लाला आंधळेपण येण्याची शक्यता चारात एक! हे टाळता येतं, कारण हा दोष ओळखणारी डीएनए चाचणी उपलब्ध आहे. मात्र ती आधी करावी लागते.

गुडघ्याची वाटी सरकण्याचा त्रास कॅव्हेलियरमध्ये आहे आणि छोट्या पूडलमध्येही. हृदयाच्या झडपेचा विकार तर एकाच जनुकाच्या हाती नाही. त्यामुळे एका संकरात तो पुसला जाईल, अशी खात्री कुणालाच देता येणार नाही.

आकडे काय सांगतात?

२०२४ मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजनं कॉकापू, लॅब्राडूडल आणि कॅव्हापू या तीन संकरांची त्यांच्या मूळ जातींशी तुलना प्रसिद्ध केली. ९,४०२ कुत्र्यांच्या मालकांनी दिलेल्या माहितीवरून ५७ विकार तपासले गेले. निष्कर्ष काय निघाला? ८६.६ टक्के तुलनांमध्ये संकर आणि शुद्ध जात यांच्यात उल्लेखनीय फरकच नव्हता! उरलेल्यांत कुठे संकर सरस ठरले, कुठे मूळ जात.

त्याच वर्षी ब्रिटनमधल्या सुमारे ५ लाख ८५ हजार कुत्र्यांच्या नोंदींचा आणखी एक अभ्यास आला. त्यात शुद्ध जातींचं मध्यम आयुर्मान १२.७ वर्षं निघालं आणि मिश्र कुत्र्यांचं १२ वर्षं. एकट्या कॅव्हेलियरचं ११.८. मिश्र कुत्र्यांत सगळीच सरमिसळ होती, हेतुपुरस्सर केलेले संकर वेगळे काढलेले नव्हते; तरीही ‘संकर म्हणजे दीर्घायुष्य’ हे समीकरण या आकड्यांतून निघत नाही.

मग आशा कुठेच नाही का? आहे, आणि ती डेन्मार्कमधून येते. तिथल्या कॅव्हेलियरवाल्यांनी नियमच केला की, हृदय तपासल्याशिवाय नर-मादी एकत्र आणायचे नाहीत. सदोष हृदयाच्या कुत्र्याची वीण घ्यायची नाही. आठ-दहा वर्षं हा नियम पाळल्यावर त्या पैदाशीत झडपेच्या विकाराचा धोका ७३ टक्क्यांनी घटल्याचं २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसलं. लक्षात घ्या, इथे संकर झालाच नव्हता. फक्त आई-बाप पारखून घेतले होते! संकर करणाऱ्यानंही हीच पारख केली, तर दुहेरी लाभ. पारख न करता केलेला संकर म्हणजे नुसतं नवं नाव आणि चढी किंमत.

‘केस गळत नाहीत, ॲलर्जी होत नाही’

हा विक्रेत्यांचा दुसरा हुकमी एक्का. याची सुरुवात १९८९ मध्ये ऑस्ट्रेलियात झाली. हवाई बेटांवरच्या एका अंध महिलेला वाट दाखवणारं कुत्रं हवं होतं, पण तिच्या पतीला कुत्र्यांची ॲलर्जी होती. गाइड डॉग तयार करणाऱ्या संस्थेतले वॉली कॉनरन यांनी लॅब्राडॉर आणि पूडल यांचा संकर केला. तीन पिल्लं झाली. त्यांच्या केसांचे आणि लाळेचे नमुने हवाईला पाठवले. तिघांपैकी त्या गृहस्थांना सोसलं ते एकच! आई-बाप तेच, वेत तेच, तरी ही गत. या संकरांचा पुढे जो बाजार मांडला गेला, तो पाहून कॉनरन यांनी नंतर उघडपणे पश्चात्ताप व्यक्त केला.

ॲलर्जी केसांमुळे होते हाच मुळात गैरसमज. ती होते लाळेतल्या आणि त्वचेच्या कोंड्यातल्या प्रथिनांमुळे. नेदरलँड्समधल्या संशोधकांनी २०१२ मध्ये तपासणी केली, तेव्हा ‘ॲलर्जी न करणाऱ्या’ म्हणवणाऱ्या जातींच्या केसांवर हे प्रथिन कमी तर नव्हतंच, उलट जास्त आढळलं. घरात कुणाला दमा असेल, तर आपल्या डॉक्टरांचा सल्ला घ्या आणि त्या व्यक्तीला त्याच पिल्लाबरोबर दोन-चार वेळा तासभर बसवून पाहा. कमी गळणाऱ्या केसांचं कामही कमी नसतं. रोज विंचरलं नाही तर गाठी होतात आणि दर सहा-आठ आठवड्यांनी कात्री लावावी लागते.

सोयरीक जमवताना करतो तशी चौकशी

मुलीसाठी स्थळ पाहताना आपण घराणं पाहतो, चार ठिकाणी विचारतो. पिल्लू घेतानाही तेच करायचं. विचारायचं ते असं :

१. आई कुठे आहे? पिल्लं आईजवळ, तिचं दूध पिताना पाहायला मिळाली पाहिजेत. ‘आई गावी आहे’, ‘स्टेशनवर आणून देतो’ असं उत्तर आलं की परत फिरा. इंग्लंडमध्ये यासाठी कायदाच झाला. एका पैदास-कारखान्यातून २०१३ मध्ये सुटका झालेल्या ल्यूसी नावाच्या कॅव्हेलियर मादीचं नाव त्याला मिळालं. ६ एप्रिल २०२० पासून तिथे मध्यस्थ दुकानदाराला सहा महिन्यांखालचं पिल्लू विकता येत नाही.

२. कॅव्हेलियर आई किंवा बाप केवढा आहे? तो किमान अडीच वर्षांचा असावा आणि त्याच्या हृदयात मर्मर नसल्याचं अलीकडचं प्रमाणपत्र असावं. पिल्लाच्या आजी-आजोबांचं हृदय पाचव्या वर्षी स्वच्छ होतं का, हेही विचारा. फार कोवळ्या वयात वीण घेतली, तर दोष दिसण्याआधीच तो पुढच्या पिढीत गेलेला असतो.

३. कवटीचा एमआरआय झाला आहे का? ब्रिटनमध्ये यासाठी २०१२ पासून अधिकृत योजना आहे. परदेशातून आलेल्या आई-बापांच्या बाबतीत तरी हा अहवाल मागाच.

४. पूडल किंवा कॉकरच्या डोळ्यांची डीएनए चाचणी झाली का? गुडघे तपासले का?

५. आमच्या डॉक्टरांना पिल्लू दाखवू द्याल का? पैसे पूर्ण देण्याआधी आणि मुलांनी नाव ठेवण्याआधी ही तपासणी व्हायला हवी. एकदा नाव ठेवलं की परत करणं कुणाच्याच हातात राहत नाही!

आपल्याकडे घेताना

भारतात कुत्र्यांच्या पैदाशीसाठी २०१७ चे केंद्रीय नियम आहेत. त्यांनुसार ब्रीडरनं राज्य पशुकल्याण मंडळाकडे नोंदणी करायची असते. आठ आठवड्यांखालचं पिल्लू विकता येत नाही. मादी किमान १८ महिन्यांची हवी, आठ वर्षांनंतर तिची वीण घ्यायची नाही आणि आयुष्यात पाचाहून अधिक वेतं नाहीत. पिल्लाला लसी टोचलेल्या असाव्यात, मायक्रोचिप बसवलेली असावी. नोंदणीचा कागद मागायला संकोच करू नका. आणि हो, ‘कॅव्हापू, केसीआयच्या पेपरसकट’ अशी जाहिरात दिसली तर सावध व्हा. केनेल क्लब ऑफ इंडिया शुद्ध जातींची नोंद करतो, संकरांची नव्हे.

एमआरआय खर्चिक आहे, मान्य. पण स्टेथोस्कोप प्रत्येक पशुवैद्याकडे असतो आणि हृदय ऐकायला पाच मिनिटं लागतात. आई-बापांची एवढीही तपासणी न केलेला माणूस पिल्लासाठी भरमसाट किंमत मागत असेल, तर ते पैसे तो कशाचे घेतो आहे?

हवामानाचा विचारही व्हावा. दाट केसांच्या या कुत्र्यांना नागपूरचा मे महिना सोसवत नाही. उन्हाळ्यात फिरणं सूर्य वर येण्याआधी उरकायचं आणि केस आखूड ठेवायचे. मुंबई-कोकणच्या पावसात लोंबते कान आतून ओले राहतात, त्यांना घाण वास येऊ लागतो. आठवड्यातून दोनदा कान उचलून पाहा आणि कोरडे ठेवा. कुरळ्या केसांत गोचीड लपते आणि तिच्यामुळे येणारा ताप जिवावर बेततो. रेबीजची लस दरवर्षी, न चुकता. कॅव्हेलियरचं रक्त असल्यानं खाण्याची हाव असतेच. आजीच्या हातचं तूप-पोळी लाडानं रोज मिळत गेली, तर वाढलेल्या वजनाचा भार आधीच नाजूक असलेल्या हृदयावर पडतो.

पिल्लू मोठं झाल्यावर वर्षातून एकदा हृदयाची तपासणी करून घ्या. रात्रीचा खोकला, झोपेत भरभर चालणारा श्वास, जिना चढताना लागणारी धाप यांकडे ‘वय झालं’ म्हणून दुर्लक्ष करू नका. झडपेचा विकार लवकर कळला, तर औषधांनी कुत्र्याला बरेच चांगले दिवस मिळू शकतात.

आणि सगळे प्रश्न विचारूनही समाधानकारक उत्तरं मिळाली नाहीत तर? थांबा. पुढच्या वेताची वाट पाहा. किंवा एखाद्या प्राणीमित्र संस्थेकडे जाऊन तीन-चार वर्षांचं, कुणीतरी सोडून दिलेलं कुत्रं भेटतं का ते पाहा. त्या वयात स्वभाव उघड झालेला असतो आणि हृदय कसं आहे हेही डॉक्टरांना बरंचसं सांगता येतं. त्याला कॅव्हापूसारखं नाव नसेल. ते काम घरातली मुलं आनंदानं करतील.